इंद्रायणीच्या घाटावर आपण असतो तर...

आज फाल्गुन वद्य द्वितीया. अवघा महाराष्ट्र या तिथीला तुकाराम बीज म्हणून ओळखतो. शके १५७१ मध्ये, म्हणजे १६५० सालच्या मार्च महिन्यात, याच तिथीला तुकोबाराय वैकुंठाला गेले अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आज माध्यान्ही देहूला नांदुरकीच्या वृक्षाखाली भाविकांची दाटी होईल, वैकुंठगमनाचे कीर्तन होईल आणि टाळमृदंगाच्या गजरात फुलांची उधळण होईल. ज्यांना देहूला जाणे घडणार नाही, ते आपापल्या घरी गाथेपुढे निरांजन लावून हात जोडतील.

फुले उधळणारा प्रत्येक हात मनोमन एक गोष्ट गृहीत धरून चाललेला असतो. आपण त्या काळी असतो, तर तुकोबांच्या बाजूने उभे राहिलो असतो, ही ती गोष्ट. मंबाजीने काटेरी फोक उगारला तेव्हा आपण त्याचा हात धरला असता. वह्या नदीत बुडविण्याचा हुकूम झाला तेव्हा आपण घाटावर आडवे पडलो असतो. आवलीसारखी कटकट आपण केली नसती, आणि तुकोबांप्रमाणे कर्जखते पाण्यात सोडण्याची वेळ आली असती तर आपला हात थरथरला नसता. कीर्तन ऐकता ऐकता हे सारे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, त्याविषयी कधी शंकाच येत नाही.

आजच्या पुण्यदिनी तीच शंका थोडी जवळून पाहावी, असे आम्हांला वाटते. तुकोबांच्या चरित्रातले चार-पाच प्रसंग सर्वांना ठाऊक आहेत. ते पुन्हा आठवावेत. पण या वेळी तुकोबांच्या शेजारी उभे राहून नव्हे, तर त्यांच्या भोवतीच्या माणसांत आपला चेहरा कुठे दिसतो ते शोधत.

भरल्या घरातला मुलगा

तुकोबांचा जन्म १६०८ सालचा, असे सामान्यतः मानले जाते. घराणे मोरे, आडनाव आंबिले. देहूचे महाजनपण घरात होते. वडील बोल्होबा, आई कनकाई. शेती होती, वाणसवदा होता, सावकारी होती. मूळपुरुष विश्वंभरबाबांपासून चालत आलेली विठ्ठलाची सेवा आणि पंढरीची वारी होती. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, त्यांनी व्यापारात लक्ष घातले नाही. म्हणून कोवळ्या वयातच दुकानाचा भार मधल्या मुलावर, तुकोबांवर आला. तो त्यांनी नीट सांभाळला. त्यांची पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे, म्हणून वडीलधाऱ्यांनी पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची कन्या जिजाबाई हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह करून दिला. हीच आवली.

या वेळी कुणी त्या तरुण वाण्याला पाहिले असते, तर काय दिसले असते? गल्ल्यावर बसलेला, हिशेबाला चोख, शब्दाला पक्का, वर्षाची वारी न चुकविणारा एक सज्जन गृहस्थ. असे गृहस्थ तेव्हाही गावोगाव होते, आजही आहेत. पुढे या माणसाच्या हातून काय घडणार आहे, हे देहूतल्या कुणालाही सांगता आले नसते. आम्हांला तर वाटते की, ते त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते.

मग एकामागून एक घाव बसू लागले. आई-वडील गेले. सावजींची पत्नी गेली आणि सावजी तीर्थयात्रेला म्हणून बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. घराचा सारा भार विशीतल्या तुकोबांच्या खांद्यावर आला. आणि तो खांदा सरावण्याच्या आतच १६३० सालचा दुष्काळ आला.

दुष्काळाने काय शिकविले

या दुष्काळाची वर्णने वाचताना आजही अंगावर काटा येतो. गुजरात आणि दख्खन दोन्हीकडे पाऊस हरपला. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने लिहून ठेवले आहे की, भाकरीच्या तुकड्यासाठी माणसे स्वतःला विकायला निघाली, पण घेणारा मिळेना; मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळली जाऊ लागली; आईबापांची माया भुकेपुढे हरली. त्यातच दख्खनेत फौजांची धामधूम चालू होती आणि पुणे याच सुमारास विजापूरकरांच्या सैन्याने बेचिराख केले होते.

देहूच्या या सावकाराच्या घरात तेव्हा काय झाले? गुरे मेली, उधारी बुडाली, पत गेली. रखमाबाई अन्नान्न करीत मरण पावली. तिच्यामागून संतू नावाचा मुलगाही गेला. काल ज्या ओट्यावर धान्याची मापे मोजली जात होती, त्याच ओट्यामागच्या घरात सून भाकरीविना गेली.

हे आपल्याला कळते, ते तुकोबांनी स्वतः सांगितले म्हणून. आपल्या आत्मकथनाच्या अभंगांत त्यांनी ही गोष्ट झाकली नाही. दुष्काळाने द्रव्य गेले, मान गेला, पत्नी अन्नासाठी टाहो फोडीत मेली आणि आपल्याला जगाची लाज वाटू लागली, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. त्यात कुठेही पराक्रम नाही. आपण धीराने तोंड दिले, आपण अढळ राहिलो, असे ते म्हणत नाहीत. भक्तांनी ज्यांना आकाशाएवढे मानले, तो पुरुष आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या संकटाबद्दल बोलताना फक्त लाज वाटल्याचे सांगतो.

येथे आम्हांला थबकावेसे वाटते. आपण अशा दुष्काळात कसे वागलो असतो, याचे उत्तर आपल्यापैकी कितीजणांपाशी आहे? घरात दोन शेर ज्वारी उरली आहे, दारात शेजाऱ्याचे मूल उभे आहे आणि आत आपले मूल निजले आहे. या प्रश्नाचे उत्तर भरल्या ताटावर बसून देणे सोपे आहे. पण ते उत्तर ताटाचे असते, आपले नव्हे. ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपली म्हण आहे. आम्ही तिला एवढीच पुस्ती जोडू की, जळू लागेपर्यंत आपण पाण्याकडे धावू की पळून जाऊ, हे ज्याचे त्यालाही कळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या दुष्काळात हजारो माणसे मोडली असतील, कित्येकांनी नको ते केले असेल. तुकोबांची वाणी किती कठोर होऊ शकते हे गाथा वाचणारा प्रत्येकजण जाणतो. दांभिकांना त्यांनी सोडले नाही. पण आपल्या दुष्काळाची कथा सांगताना त्यांनी भुकेने मोडलेल्या माणसांचा न्यायनिवाडा केला नाही. त्या आगीतून ते स्वतः गेले होते.

अर्धी खते कान्होबांची

दुष्काळानंतर तुकोबांचे मन प्रपंचातून उठले. भामचंद्राच्या डोंगरावर ते एकांतात जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधीत तेथे पोहोचले आणि त्यांना इंद्रायणीच्या काठी घेऊन आले. तेथे तुकोबांनी घरातली कर्जखते मागविली. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची ती खते होती. त्यांचे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती गेला, आणि आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली.

ज्या ऋणकोंचे कागद बुडाले, त्यांच्या घरी त्या रात्री काय वाटले असेल, याची कल्पना सावकारी पाशात सापडलेला माणूसच करू शकेल. स्वतः कफल्लक झालेल्या माणसाने दुसऱ्यांची देणी माफ करावी, हे सामान्य गोष्टींत बसत नाही. म्हणूनच तो प्रसंग साडेतीन शतके कीर्तनातून गाजतो आहे.

पण कान्होबांचे काय? त्यांच्या हातातल्या अर्ध्या खतांबद्दल कीर्तनात क्वचितच कुणी बोलतो. कान्होबांनी ती ठेवून घेतली, यात गैर काय होते? घरात खाणारी तोंडे होती, दुष्काळाची झळ ताजी होती, येणे रास्त होते. ते दुष्ट नव्हते, लोभी नव्हते, अभक्तही नव्हते. पुढे थोरल्या भावाच्या वियोगाने व्याकूळ होऊन त्यांनी केलेले अभंग गाथेत आहेत, आणि ते वाचताना डोळे भरून येतात. सज्जन, प्रेमळ, भाविक आणि आपला वाटा सांभाळून ठेवणारा, असा हा गृहस्थ होता.

वाचकहो, मनाला विचारून पाहा. त्या दिवशी आपण नदीकाठी असतो, तर आपल्या हातातले कागद पाण्यात पडले असते की कंबरेच्या कशात सुरक्षित राहिले असते? आम्ही आमच्यापुरते उत्तर देतो. बहुधा आम्ही कान्होबांच्या शेजारी उभे राहिलो असतो, आणि तेवढा संयमही आमच्यात उरला असता की नाही, हे सांगवत नाही. आजही कुणा आप्ताला दिलेले हातउसने तिसऱ्या महिन्यात आमच्या बोलण्यात डोकावू लागते.

आवलीचा न्याय

तुकोबांच्या कथेत ज्या व्यक्तीला सर्वांत जास्त हसू वाट्याला आले, ती आवली. कीर्तनाच्या उत्तररंगात तिचे नाव निघाले की श्रोते सरसावून बसतात. तुकोबांना मिळालेली उसाची मोळी वाटेत पोरांनी लुटली, उरलेला एक ऊस त्यांनी घरी आणला आणि तिने तो त्यांच्याच पाठीवर मोडला, हा प्रसंग रंगवून सांगितला जातो. संतांच्या घरची कर्कशा, एवढीच तिची ओळख होऊन बसली आहे.

आमच्या आजीला हे हसणे खपत नसे. गावच्या देवळातले कीर्तन ऐकून परतताना ती एकदा चालता चालता थांबली आणि आम्हां पोरांना तिने विचारले की, भंडाऱ्याच्या डोंगरावर रोज भाकरी जात होती, त्या भाकरीचे पीठ कुठून येत होते, हे बुवांनी सांगितले का? आम्हांला उत्तर आले नाही. आज इतकी वर्षे लोटली, तरी तो प्रश्न आमच्या कानांतून गेलेला नाही.

आवलीचा दिवस कसा उजाडत असेल, याचा विचार करावा. ती पुण्याच्या सावकाराची लेक, भरल्या घरी दिलेली. आल्यानंतर काही वर्षांतच घर रिकामे झाले. पती भंडाऱ्यावर, भामचंद्रावर किंवा घोराडेश्वरी एकांतात. घरात काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठोबा हे मुलगे. चरित्रे सांगतात की, पतीला पुन्हा व्यापाराला लावावे म्हणून तिने स्वतःच्या नावावर कर्ज काढून भांडवल उभे केले. तुकोबा माल घेऊन गेले, विकून नफाही झाला; आणि परतताना कर्जापायी गांजलेला एक माणूस वाटेत भेटला, त्याच्या सुटकेसाठी त्यांनी ती सारी रक्कम देऊन टाकली. त्या माणसाचे ऋण फिटले. आवलीचे मात्र तिच्या नावावर तसेच राहिले.

तरीही तीच आवली भर दुपारी डोईवर भाकरी घेऊन डोंगर चढे. पती जेवल्याशिवाय ती जेवत नसे. वाटेत तिच्या पायात काटा मोडला आणि पांडुरंगाने स्वहस्ते तो काढला, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. ज्या विठ्ठलाला ती संसार बुडविल्याबद्दल बोल लावी, तोच विठ्ठल तिच्या पायापाशी बसला. या कथेचा अर्थ आम्ही असा घेतो की, आवलीला हसण्याची मुभा देवाने स्वतःलाही घेतली नाही.

शिवाजीमहाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केला, असे परंपरा सांगते. त्या वैराग्यापुढे आपण मान तुकवितोच. पण ज्या घरातून तो नजराणा परत गेला, त्या घरात संध्याकाळी चूल कोण पेटविणार होते? तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा आवली गरोदर होती. पुढे जन्मलेल्या नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबा-ज्ञानोबांच्या पादुकांचा पालखी सोहळा सुरू केला. आषाढीला लाखो पावले ज्या वाटेने चालतात, त्या वाटेचा आरंभ करणारा पुत्र या हसू झालेल्या मातेने एकटीने वाढविला. तिच्या जागी आपण असतो, तर याहून गोड बोललो असतो, असे कुणाला खात्रीने वाटत असेल तर त्याने खुशाल हसावे.

काटेरी फोक आणि निमंत्रण

देहूतच राहणारे मंबाजी गोसावी यांना तुकोबांचा लौकिक सहन होत नसे. त्यांच्या बागेत तुकोबांकडची म्हैस शिरली, बागेची काटेरी कुंपणे देवळाच्या वाटेवर आली आणि एकादशीला येणाऱ्या भाविकांच्या पायांना काटे बोचू नयेत म्हणून तुकोबांनी ते काटे बाजूला सारले. मंबाजींनी त्याच काट्यांच्या फोकांनी तुकोबांना रक्तबंबाळ होईपर्यंत मारले. त्या रात्री कीर्तनाला मंबाजी आले नाहीत, तेव्हा तुकोबा स्वतः त्यांच्या घरी गेले, मारून मारून त्यांचे हात दुखले असतील म्हणून त्यांचे अंग रगडले आणि त्यांना सन्मानाने कीर्तनाला घेऊन आले.

हा प्रसंग ऐकताना आपण क्षमेचे गुण गातो आणि मनातल्या मनात मंबाजींना क्षमाही करून टाकतो. दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ क्षमा करायला फारसे कष्ट पडत नाहीत. आपल्या गावातली बांधावरची भांडणे पाहावीत. वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ पिढ्यान् पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, आणि त्यांतले कित्येकजण माळकरी असतात. क्षमेची कसोटी कुंपणाशी लागते. कीर्तनाच्या मांडवात ती लागत नाही. आणि तुकोबा त्या रात्री मंबाजींच्या दारी गेले, ते दुपारी मार खाल्ल्यावर एकाएकी सुचले म्हणून नव्हे. त्यामागे डोंगरावरची कित्येक वर्षे होती, आपल्याच मनाशी केलेली रात्रंदिवसाची झुंज होती. ती झुंज न करताच आपण त्या दारापर्यंत पोहोचलो असतो, असे मानणे म्हणजे पेरल्यावाचून पीक मागणे होय.

रामेश्वर भट वाईट होते काय?

आता सर्वांत कठीण प्रसंगाकडे येऊ. वाघोलीचे रामेश्वर भट हे व्युत्पन्न, आचारसंपन्न, शिवभक्त ब्राह्मण. तुकोबांच्या अभंगांतून वेदांचा अर्थ प्रकट होतो आहे आणि तो सांगणारा शूद्र आहे, हे त्यांच्या कानी आले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हा अधर्म होता. त्यांनी दरबारी अधिकाऱ्यापर्यंत तक्रार नेली. तुकोबा स्वतः वाघोलीला जाऊन त्यांना भेटले, तेव्हा त्यांनी अभंगांच्या वह्या पाण्यात बुडविण्यास सांगितले. तुकोबांनी ब्राह्मणाची आज्ञा म्हणून ती शिरसावंद्य मानली. वह्यांना दगड बांधून त्या इंद्रायणीत सोडल्या गेल्या. मग निंदकांना ऊत आला. आधी खते बुडवून प्रपंच बुडविला, आता वह्या बुडवून परमार्थही बुडविला, असे टोमणे कानी येऊ लागले. तुकोबा देवळासमोरच्या शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस पडून राहिले. त्यानंतर वह्या पाण्यावर कोरड्या तरून आल्या. तुकोबांच्या समकालीन शिष्या संत बहिणाबाई यांनीही आपल्या अभंगांत या तेरा दिवसांचा उल्लेख केला आहे.

आज आपल्याला हा अन्याय सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ दिसतो. दिसणारच, कारण मध्ये साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. पण त्या दिवशी रामेश्वर भटांना तो अन्याय वाटला नव्हता, त्यांना ते कर्तव्य वाटले होते. ते लाचेसाठी बोलले नाहीत की वैरासाठी वागले नाहीत. जे गुरूंकडून शिकले, जे भोवतीचे सारे प्रतिष्ठित लोक मानीत होते, त्याचेच रक्षण आपण करतो आहोत, अशी त्यांची धारणा होती. स्नानसंध्या करून, भस्म लावून, शांत चित्ताने त्यांनी गाथा बुडविण्यास सांगितले असेल. पापाच्या वेळी माणसाच्या कपाळावर पापाची खूण उमटत नाही. पुष्कळदा तेथे गंधच असते.

आणि घाटावरचे इतर लोक? त्यांतल्या कितीजणांनी तुकोबांच्या कीर्तनात टाळ धरला असेल, कितीजणांचे कर्ज त्या डोहात बुडून माफ झाले असेल. वह्या पाण्यात सोडताना कुणी पुढे होऊन तो हात धरल्याची कथा आम्ही तरी ऐकलेली नाही. ते सारे भित्रे होते असे नाही. शास्त्रातले आपल्याला काय कळते, मोठी माणसे काय ते पाहून घेतील, असे त्यांना वाटले असेल. हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी मनाशी म्हटलेले आहे.

येथे आमच्याच घरातली एक गोष्ट सांगतो. आमच्या घरी गाथेचे नित्य वाचन होते. वह्यांच्या प्रसंगाशी आलो की आमचा आवाज दाटून येई. त्याच घरात स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कानतुटका कप वर्षानुवर्षे वेगळा ठेवलेला असे. घरकामाला येणाऱ्या बाईंचा तो कप. त्या स्वतःच तो धूत आणि स्वतःच पालथा घालून ठेवीत. आम्ही रोज तो पाहत होतो, आणि रोज तुकोबांच्या बाजूने रामेश्वर भटांवर रागावतही होतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, हे कित्येक वर्षे आमच्या ध्यानातच आले नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारची विधवा मावशी आपणहून दाराआड बसे, तेही आम्हांला रीतच वाटत असे. कुणी आम्हांला निर्दय म्हटले असते, तर आम्ही खरोखर दुखावलो असतो.

तो कप आता नाही. परंतु इंद्रायणीच्या घाटावर आपण कुठे उभे असतो, या प्रश्नाचे उत्तर त्या कपाने आम्हांला दिले आहे. आज ज्या आणखी काही गोष्टी आम्हांला रीत वाटतात, त्यांतल्या कोणत्या उद्याच्या कीर्तनात वह्या बुडविण्याच्या पंक्तीला बसतील, हेही आम्हांला सांगता येणार नाही.

परत फिरण्याची वाट

मग काय, या चरित्रापुढे आपण निराश होऊनच बसावे? तसे नाही. रामेश्वर भटांची कथा घाटावर संपत नाही. पुढे पुण्यात एका जलाशयात स्नान केल्यावर अनगडशहा फकिराच्या शापाने त्यांच्या अंगाचा दाह होऊ लागला. तो काही केल्या शमेना. ते आळंदीला ज्ञानेश्वरमाउलींच्या समाधीपाशी गेले, आणि तेथे त्यांना तुकोबांना शरण जाण्याचा दृष्टान्त झाला. ज्याच्या वह्या बुडविल्या, त्याच्याच दारी जायचे होते. ते गेले. तुकोबांनी मागचा हिशेब काढला नाही. त्यांच्या अभंगाने तो दाह शांत झाला. वाघोलीचा तो विद्वान देहूच्या वाण्याचा शिष्य झाला आणि पुढे त्याने आपल्या सद्गुरूची आरती रचली.

आमच्या मते सामान्य प्रापंचिकाला तुकोबांच्या चरित्रातून घेण्याजोगे सर्वांत मोठे बळ येथे आहे. आपण तुकोबा झालो असतो, असे म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. आपण रामेश्वर भट झालो नसतो, असे म्हणण्याचाही नाही. पण चुकल्याचा दाह अंगाला जाणवला, तर मान बाजूला ठेवून ज्याला दुखविले त्याच्या दारी जाणे, हे मात्र आपल्या आवाक्यात आहे. त्यासाठी दुष्काळ लागत नाही, गाथा लागत नाही, डोंगरही लागत नाही.

तुकोबांनी स्वतःविषयी कधी मोठेपणाने बोलणे केले नाही. आपण पतित आहोत, आपल्याला काही कळत नाही, बोलविता धनी निराळाच आहे, असेच ते सांगत राहिले. आपण याला संतांचा विनय म्हणतो आणि पुढे जातो. आम्हांला आता वाटू लागले आहे की, तो नुसता विनय नसावा. माणसाच्या मनाचा तळ त्या दुष्काळाने, त्या डोहाने आणि त्या तेरा दिवसांनी त्यांना दाखविला होता. ज्याने तळ पाहिला, तो काठावर उभा राहून आपल्या पोहण्याच्या गोष्टी सांगत नाही.

आज माध्यान्ही फुले हाती घ्याल, तेव्हा त्यांतली चार आवलीसाठी बाजूला ठेवा. दोन कान्होबांसाठी ठेवा. एक रामेश्वर भटांसाठीही ठेवा. उरलेली तुकोबारायांच्या चरणी वाहताना एवढेच मागू या की, आपल्या वाट्याची वेळ कधी येईल ते आम्हांला ठाऊक नाही, ती आली तरी ओळखू येईल की नाही तेही ठाऊक नाही. पण त्या वेळी तू जवळ राहा, आणि आम्ही चुकलोच, तर परतीची वाट दाखव.